पाहुणी की रहिवासी?

समजा की, ओझरच्या विमान कारखान्यातील एका कामगाराचा मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला आणि त्याने आपल्या विधवा आईस भेटीस बोलाविले. पाहुण्यास तेथे बहुधा ६ महिने राहू देतात. अधिक राहणे झाल्यास मुदत संपण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. त्यात काही गैर नाही. वयाची २१ वर्षे पुरी झालेला नागरिक आईच्या कायम वास्तव्यासाठीही अर्ज करू शकतो. तो निकालात निघेपर्यंत तिला तेथे राहता येते. मात्र आधी परवानगी न घेता ती देशाबाहेर गेली, तर अर्ज सोडला असे बहुधा समजतात. मग ओझरास सख्खा भाऊ वारला तरी तिला येववत नाही.

परंतु बंदरावर "भेटीस आले" असे ती म्हणाली तेव्हा तिच्या मनात काय होते? सुनेचे आजारपण पाहून मागाहून मन फिरले असेल, तर तो शब्द खोटा ठरत नाही. कायदाही हा भेद मानतो. पण निघण्यापूर्वीच घर विकून भांडीकुंडी वाटून टाकली असतील तर? कागदावरील सर्व तारखा बरोबर, आणि तरी बोलणे असत्य! आणि पुष्कळदा "असेच सांग" हे आईस पढविणारा मुलगाच असतो; माझ्या मते अधिक दोष त्याचा. मुंबईच्या वकिलातीमार्फत, येथे राहूनच, उघडपणे अर्ज करण्याची वाट होती. तीत दिवस फार लागतात, एवढेच.