खालच्या गावाचे पाणी

वाचक माउली,

आषाढी जवळ आली की आळंदीहून ज्ञानोबारायांची आणि देहूहून तुकोबारायांची पालखी पंढरीस निघते. इंद्रायणीचे पाणीही तिकडेच जाते. लोणावळ्याकडून येणारी ही नदी देहू, आळंदी करीत तुळापूरला भीमेस मिळते. पुढे रांजणगाव सांडसपाशी पुण्याची मुळा-मुठा भीमेत येते. पवनेचे पाणी तिच्यातच असते. हे सारे उजनीच्या जलाशयात थांबते. तिथले पाणी जलवाहिनीने सोलापूर पिते आणि धरणातून नदीत सोडलेले पाणी पंढरपुरी चंद्रभागा होते. पालखी वर्षातून एकदा जाते, पाणी बारा महिने जाते. त्याच्याबरोबर आपण काय पाठवतो?

आळंदीच्या घाटाशी पाण्यावर तरंगणारा फेस आपण पाहिला आहे. हे पाप कोणाचे, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. घरचा माणूस म्हणतो, माझी मोरी नळाला जोडली, माझे काम संपले. कारखानदार शेजारच्या कारखान्याकडे बोट दाखवतो. महानगरपालिका, नगरपरिषद, ग्रामपंचायत, प्रत्येकीची हद्द ठरलेली, आणि घाण हद्दीबाहेर गेली की तिची जबाबदारीही संपते. परपीडा म्हणजे पाप, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे पीडा आहे, पण कर्ता सापडत नाही. मग कर्ता नसलेले पाप पापच नव्हे काय?

यावर एक दूरचा दृष्टांत सांगतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचे बहुतेक पाणी शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या डोंगरांतून येते. त्या जलाशयांसाठी शहराने पूर्वी तिथली गावे बुडवली होती, त्यामुळे वरच्या लोकांच्या मनात जुना राग होता. पुढे पाणी गाळण्याचा प्रचंड प्रकल्प उभारायचा की डोंगरातच पाणी स्वच्छ राखायचे, असा प्रश्न आला. शहराने आधी नियम लादू पाहिले आणि गावे भांडली. शेवटी सगळे एकत्र बसले आणि १९९७ साली शहर, राज्य व वरची गावे यांचा करार झाला. गावांच्या सांडपाण्याच्या शुद्धीकरणाला, बिघडलेल्या शौचटाक्यांच्या दुरुस्तीला शहराने पैसा दिला. शेण ओढ्यात जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांना गोठ्याशी सोय करून देण्याचे काम त्याआधीच सुरू झाले होते. जमीन घेतली ती राजीखुशीने विकणाऱ्याचीच. अब्जावधी डॉलरचा खर्च वाचला, आणि ते पाणी आजही जंतुनाशन करून, पण न गाळता, घरोघर जाते.

दृष्टांत चांगला आहे, पण तो जसाच्या तसा आपल्याला लागू नाही. तिथे श्रीमंत शहर खाली होते, गरीब गावे वर. खालच्याकडे पैसा होता, म्हणून त्याने वरच्याला राजी केले. आपल्याकडे मोठी शहरे वर आणि पंढरी खाली. पुण्याला विकत घेता येईल असे पंढरपूरकडे काय आहे? उजनीत ज्यांची गावे बुडाली त्यांच्याकडे तरी काय आहे? पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. ज्यांनी जमीन दिली, त्यांच्याच काठाशी वरची घाण येऊन थांबते.

सौदा दोन्हीकडे काही असेल तरच होतो. जिथे खालच्याच्या हाती काही नाही, तिथून धर्म सुरू होतो. कायदा हवाच, पण न बघितलेल्या माणसासाठी आपण काय राखून ठेवतो, यावर धर्माची परीक्षा आहे.

कोणी म्हणेल, यंत्राने शुद्ध केल्यावरच पाणी नळाला येते. खरे आहे. पण चंद्रभागेत बुडी मारून ओंजळभर तीर्थ तोंडात घेणाऱ्या म्हातारीच्या आणि नदीच्या मध्ये कोणते यंत्र आहे?

वारीने आपल्याला याचे शिक्षण दिलेले आहे. मुक्काम हलवताना पुढच्या दिंडीने तळ घाण करून सोडला तर मागच्या दिंडीचे हाल होतात. म्हणून दिंडीला क्रम असतो, चोपदार असतो आणि मागच्याची आठवण असते. भीमेच्या खोऱ्यातील शहरे आणि गावे एका दिंडीसारखी एकत्र बसली पाहिजेत. पाणी कुठे घाण होते हे सर्वांनी मिळून मोजावे, खर्च ऐपतीप्रमाणे वाटून घ्यावा, आणि त्या बैठकीत खालच्या गावाला बोलण्याचा पहिला मान द्यावा.

एवढे मोठे काम आपल्या हाती कुठे, असे म्हणू नका. कर्ता सापडत नाही याचा अर्थ कर्ते पुष्कळ आहेत, आणि त्यांत तुम्ही-आम्ही आहोत. पुढच्या ग्रामसभेत उठून किंवा आपल्या नगरसेवकाला गाठून एकच प्रश्न विचारा: आपल्या गावाचे सांडपाणी जाते कुठे? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. गळ्यात माळ असणाऱ्याने हा प्रश्न विचारणे हेही भजनच आहे.

रामकृष्ण हरि.