चाळिशी आणि भिंग

वाचण्याच्या चष्म्यास आपल्या भाषेनें ‘चाळिशी’ म्हटलें, तें वयाच्या हिशेबानेंच. डोळ्यांतील नैसर्गिक भिंग तरुणपणीं लवचिक असतें. भोंवतालचा स्नायु आंखडला म्हणजे त्यास ताणून धरणारे तंतू सैल पडतात, भिंग फुगतें व जवळचें स्पष्ट दिसतें. पुढें तें ताठर होतें आणि पोथी हातभर दूर धरावी लागते. मोतीबिंदु झाल्यावर तर तें काढूनच टाकतात व कृत्रिम भिंग बसवितात. लंडनच्या हॅरल्ड रिड्ले यांनीं १९४९ सालीं हा उपक्रम आरंभिला. युद्धांत फुटलेल्या तावदानांच्या पर्स्पेक्सच्या ठिकऱ्या वैमानिकांच्या डोळ्यांत निमूटपणें नांदतात, हें त्यांनीं पाहिलें होतें. परंतु हें भिंग स्थिर. त्याचें एक अंतर ठरलें कीं ठरलें.

पोलादपुरास राहणाऱ्या आमच्या एका काकूंचा एक डोळा असाच ‘उत्तम’ झाला. आंबेनळी घाटाकडील डोंगर त्यांस अंगणांतून दिसतात. सुपांतील खडे दिसत नाहींत. “मला डोंगर काय करायचेत रे?” असें त्यांनीं आम्हांस विचारलें. बहुधा दूरचेंच अंतर साधतात, व चालतांना ठेंच लागूं नये म्हणून तें रास्तही आहे. पण काकूंस कोणीं पुसलें नव्हतें.

कोणी म्हणेल, उतारवयांत जवळचें दिसेनासें व्हावें हा निसर्गाचाच संकेत आहे. संसारांतून दृष्टि काढावी. हा विचार एके काळीं आम्हांसही फार गोड वाटे, व एका व्याख्यानांत (चाळिशी लावून!) आम्ही तो मांडलाही होता. आतां वाटतें, ज्यांचे तांदूळ दुसरे कोणी निवडतात त्यांनाच तो सुचतो.

जवळ-दूर आपोआप जुळवून घेणारें भिंग घडविण्याची खटपट चालू आहे. बिजागरीच्या एका भिंगास अमेरिकेंत २००३ सालीं मान्यताही मिळाली. तथापि तरुण डोळ्याची सर कोणास आलेली नाहीं. ज्या पातळ पिशवींत भिंग बसवावयाचें, तीच शस्त्रक्रियेनंतर आंखडून ताठ होते. प्रकाश वांटून दोन्ही अंतरें दाखविणारीं भिंगें आहेत, पण त्यांनीं रात्रीं दिव्यांभोंवतीं वलयें दिसूं शकतात.

काकूंचा दुसरा डोळा अद्याप व्हावयाचा आहे. एक डोळा दूरचा व एक जवळचा, अशीही योजना करतां येते. ती सर्वांस मानवतेच असें नाहीं. आम्ही ती सांगतांच काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “जवळचं म्हणजे किती जवळचं? सुपाइतकं, की सुईइतकं?”