मोडलेल्या घराचे कर्ज कोणाचे?

विवाहाचे बंधन तुटू नये ही आमच्या मंडळ्यांची शिकवण आहे, आणि ती सोडावी असे आम्ही म्हणत नाही. मोशेने सूटपत्राची मोकळीक दिली ती माणसांच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे, हे प्रभूने परूश्यांस दिलेले उत्तर प्रत्येक उपदेशकास ठाऊक आहे. तथापि ह्या शिकवणीचा एक विपरीत उपयोग होताना आम्ही पाहतो. घटस्फोट वाईट, म्हणून त्याच्या हिशेबात मंडळीने पडू नये, असे म्हणून पंच हात झटकतात. मग जो बलवान तो घर, जनावरे व भांडी राखतो, आणि जी दुर्बळ तिच्या पदरी लहान मुले व कर्जाचे पुस्तक येते. पापाविषयी मौन न धरणाऱ्या मंडळीने ह्या अन्यायाविषयी मात्र मौन धरावे काय?

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचे २० वे कलम ख्रिस्ती लोकांस लागू आहे. त्याप्रमाणे केवळ लग्न झाल्याने नवऱ्यास बायकोच्या किंवा बायकोस नवऱ्याच्या मालमत्तेत काही हक्क उत्पन्न होत नाही. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने स्त्रीची मजुरी व तिच्या कष्टाची कमाई ही तिची स्वतःची ठरते. ह्या गोष्टी चांगल्या खऱ्या; पण अडचणही ह्यांतूनच निघते. ज्याच्या नावाचा सातबारा त्याची जमीन, आणि ज्याचा अंगठा त्याचेच कर्ज. १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्याखाली न्यायालय बायकोस पोटगी देववू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असेही ठरविले आहे की, पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता व आपली देणी शपथेवर लिहून द्यावी. परंतु दोघांच्या श्रमाने वाढलेला संसार निम्मानिम्मा वाटून द्यावा, असे सांगणारे कलम आमच्या ह्या कायद्यांत नाही.

शेजारच्या गोव्यात रीत निराळी आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी कायद्यापासून चालत आलेल्या नियमाप्रमाणे, लग्नापूर्वी दुसरा करार केलेला नसेल तर, पतिपत्नींची मालमत्ता एकत्र समजतात. वियोग झाला तर अर्धी एकाची, अर्धी दुसऱ्याची. आणि संसाराच्या हितासाठी काढलेले कर्जही ह्या सामाईक मालमत्तेवरच पडते. हा नियम निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. पण लाभ व भार एकाच तराजूत घालावे ही त्यातील दृष्टी आम्हांस खरी वाटते.

आमच्याकडे हा तराजू कसा मोडतो ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, एका बाईने बचत गटातून आपल्या नावावर ८०,००० रुपये उचलले व ते नवऱ्याच्या शेतातील विहिरीस लावले. विहीर त्याच्या जमिनीत. हप्ता हिच्या पुस्तकात. पुढे दोघांचे फाटले. विहिरीचे पाणी त्याच्या उसाला जाते, आणि ही माहेरच्या ओसरीवर बसून परक्याच्या शेतातील खुरपणीच्या मजुरीतून हप्ता भरते. कायद्याच्या अक्षराने पाहिले तर ह्यात चोरी कोणी केली नाही. पण विश्वासणाऱ्या माणसाने केवळ अक्षराने पाहावे काय? ज्याने लाभ ठेवला त्याने भारही ठेवावा, हे समजण्यास सेमिनरीची गरज नाही. बाजारात बैल विकणाराही ते जाणतो.

येथे कोणी म्हणेल, जमीन वडिलोपार्जित आहे, तिने माहेराहून काय आणले? जमीन त्याचीच राहू द्या. आम्ही बोलतो ते लग्नानंतर जे वाढले त्याविषयी. बांध घातला, म्हैस घेतली, पत्रे चढविले, त्या सर्वांत तिची पहाटेपासूनची मेहनत आहे. तिला कधी रोज मिळाला नाही एवढ्यावरून ती मेहनत फुकटची ठरत नाही. कापणी करणाऱ्यांच्या अडकवून ठेवलेल्या मजुरीविषयी याकोबाने धनवानांस काय लिहिले आहे, ते उपदेशकांनी ह्या प्रसंगी मोठ्याने वाचून दाखवावे.

ह्याहून कठीण आक्षेप दुसरा आहे, व तो चांगली माणसेही घेतात: जिने किंवा ज्याने व्यभिचार करून घर मोडले, त्यास वाटा का द्यावा? पूर्वी कायदाही थोडासा असाच बोलत असे. स्त्रीच्या व्यभिचारावरून घटस्फोट झाल्यास तिची मालमत्ता नवऱ्याच्या किंवा मुलांच्या हितासाठी लावून देण्याचा अधिकार १८६९ च्या कायद्याच्या ३९ व्या कलमाने न्यायालयास होता. २००१ साली ते कलम काढून टाकण्यात आले, व आमच्या मते ते योग्यच झाले. नवऱ्याच्या व्यभिचारासाठी तसे कलम कधी नव्हते, हे तरी लक्षात घ्यावे. पापाची शिक्षा एक गोष्ट आहे, घामाचे मोल दुसरी. आमच्या शेतावरील गड्याने चोरी केली तर त्यास आम्ही काढून टाकू, चोरीचा माल परत घेऊ. पण त्याने दहा वर्षे इमानाने केलेल्या कामाचा रोज परत मागणार नाही. पापी मनुष्यास मंडळीने शिस्त लावावी, प्रभुभोजनापासून दूर ठेवावे. त्याचे ताट हिसकावू नये.

कर्जाच्या बाबतीत मात्र कर्ज कशासाठी काढले हे पाहिलेच पाहिजे. बियाणे, दवाखाना, मुलांची फी, घराची भिंत, ही दोघांची. दारूच्या गुत्त्यावर किंवा जुगारात गेलेले कर्ज ज्याचे त्याचे. मध्ये एक प्रकार राहतो, लग्नकार्यात मानासाठी केलेल्या उधळपट्टीचा, व त्यात सहसा दोघांचेही घराणे वाटेकरी असते! अलीशाजवळ आलेल्या विधवेची गोष्ट आठवावी. कर्ज नवऱ्याचे, तो मेला, आणि सावकार तिच्या दोन मुलांस दास करून नेण्यास आला. संदेष्ट्याने कर्ज बुडव असे सांगितले नाही. तेल विकून आधी देणे फेड, उरलेल्यावर तू व मुले जगा, असा क्रम त्याने लावून दिला. संसार मोडतानाही हाच क्रम असावा: विकण्याजोगे विकून आधी सामाईक देणे फेडावे, मग उरेल ते वाटावे, आणि वाटताना लेकरे ज्याच्याकडे राहणार त्याचे पारडे जड ठेवावे.

उपदेशकाने ह्यात न्यायाधीश होऊ नये. वतनाच्या वाटणीसाठी आलेल्या माणसास प्रभूनेही आपण वाटणी करणारा नाही असेच सांगितले. पण लगेच लोभाविषयी सावध केले, हे विसरू नये. पंचांनी केलेली काडीमोड ख्रिस्ती विवाहास कायद्याने तोडीत नाही. घटस्फोट न्यायालयातच होतो. तसेच नवराबायकोने आपसात लिहिलेला कागद सावकारास, बँकेस किंवा पतपेढीस बांधत नाही. कर्ज तू फेड असे स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले, तरी पुस्तकावर जिची सही आहे तिच्याच दारी वसुलीवाला येतो, आणि जामीन राहिलेल्याचीही सुटका होत नाही. म्हणून कागदावर विसंबण्यापेक्षा फारकतीपूर्वीच देणे फेडून टाकावे, किंवा धनकोच्या संमतीने कर्ज दुसऱ्याच्या नावावर करून घ्यावे. बचत गटाचे कर्ज असेल तर एकीचा हप्ता चुकल्यास बाकीच्या भगिनींवर ओझे येते, व त्यांतील कित्येक आपल्याच मंडळीच्या असतात. हिशेबाच्या बैठकीस त्यांच्यापैकी एकीला बोलवावे, आणि विहिरीच्या पाण्यावर पिकलेला ऊस कारखान्यात गेला की त्या पैशांतून पहिला हप्ता कोणी व कोणत्या दिवशी भरायचा, ते तिच्यासमोरच ठरवावे.