हवा कुणी बिघडवली?

घरात कप फुटला, की आवाजापाठोपाठ स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, "कुणी फोडला?" कसा फुटला, असे विचारणारी आई अजून माझ्या पाहण्यात नाही. कप आधीच तडकलेला असेल, फळी डुगडुगत असेल, खिडकीतून मांजर आले असेल. पण आधी नाव पाहिजे. नाव मिळाले की पाठीत धपाटा घालता येतो. डुगडुगत्या फळीला पाठ नसते. त्यामुळे फळी तशीच राहते आणि पुढच्या महिन्यात बशी फुटते.

दोष शोधणे आणि दोषी शोधणे यांत फरक किती? कागदावर पाहाल तर एका वेलांटीचा. पण त्या वेलांटीत काय काय अडकून पडते, हे मला कुठल्या नीतिशास्त्राच्या पुस्तकाने शिकवले नाही. ते शिकवले आमच्या कचेरीच्या सेंट्रल एअरकंडिशनिंगने.

1982 साली आमची कचेरी फोर्टातून उठून नरीमन पॉइंटच्या एका उंच इमारतीत, नवव्या मजल्यावर गेली. जुन्या जागेत खिडक्या होत्या, पंखे होते आणि पंख्याखालची खुर्ची सिनिऑरिटीप्रमाणे मिळत असे. कुणाला उकडले तर तो बढतीचा प्रश्न होता, हवेचा नव्हे. नव्या जागेत हवा सगळ्यांची एक झाली आणि तिथून भांडणे सुरू झाली.

या यंत्रणेची रचनाच भांडणाला पोषक आहे. तळघरात चिलर नावाचे एक धूड असते. ते पाणी सहा-सात अंशांपर्यंत गार करते. पंप ते पाणी मजल्यामजल्यावर चढवतो. प्रत्येक मजल्यावर एक कुलूपबंद खोली. तिच्यात गार पाण्याच्या नळ्यांचे जाळे आणि त्यातून हवा ढकलणारा ब्लोअर. ती हवा खोट्या छतावरच्या पत्र्याच्या डक्टमधून आपल्या डोक्यावर येते. आपल्या अंगातली, दिव्यांतली आणि वादविवादातली उष्णता पाण्याबरोबर फिरत फिरत गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमधून आकाशात जाते. म्हणजे गारवा तळघरात, उष्णता गच्चीवर आणि कुरकुर नवव्या मजल्यावर! बिघाड जिथे जाणवतो तिथे तो सहसा नसतो. पण माणूस जिथे जाणवतो तिथेच बोट दाखवतो, आणि बोटासमोर नेहमी कुणीतरी बसलेले असते.

खरे तर हे यंत्र माणसासाठी जन्मालाच आले नाही. 1902 साली विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनियराने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी त्याची आखणी केली. दमट हवेने कागद फुगे आणि रंगावर रंग बसेना. त्या कागदाला बरे वाटावे म्हणून ही सगळी खटपट. माणसाचे सुख पुढे आनुषंगिक म्हणून आले. सरकारी-निमसरकारी कचेरीत काम केलेल्याला यात काही नवल वाटणार नाही.

तर आमच्याकडे मे महिन्यात अकाउंट्सवाले स्वेटर घालून बसत आणि डिस्पॅचवाले फायलीने वारा घेत. अकाउंट्सचे म्हणणे, डिस्पॅचवाले चोरून खिडकी उघडतात. डिस्पॅचचे म्हणणे, साहेबांनी सगळी हवा केबिनकडे वळवून घेतली. एका बाईंना थंडी वाजे, म्हणून त्यांनी डोक्यावरच्या जाळीत पुठ्ठा कोंबला. हवा अशी दबून बसत नाही. ती शेजारच्या जाळीतून अधिक जोराने बाहेर आली. शेजाऱ्यांनीही पुठ्ठा कोंबला. पंधरवड्यात स्टेशनरीतले पुठ्ठे संपले, तेव्हा त्याचाही ठपका कुणावर ठेवायचा यासाठी मीटिंग झाली.

फांगर नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने 1970 साली हिशेब मांडून ठेवला आहे, की हवा कितीही चोख राखली तरी शंभरातले पाच जण नाराज राहणारच. आमच्या साठ जणांत तिघांची कुरकुर शास्त्राला मान्य होती. उरलेले सत्तावन्न मात्र जादा काम करत होते.

शेवटी मिस्त्री आले. पन्नाशीचे गृहस्थ, खिशाला टेस्टर, कानावर पेन्सिल. आमचे हेडक्लार्क त्यांना दारातच गाठून म्हणाले, "मिस्त्री, हे सगळं डिस्पॅचमुळे होतंय. रिपोर्टात तसं लिहा."

"बघू या साहेब. आधी फिल्टर बघू."

फिल्टर काढला, तर त्यावर धुळीची गोधडी. पलीकडे हवा जाणार कुठून? मग त्यांनी ब्लोअरचा पट्टा दाबून पाहिला; तो सैल पडून घसरत होता. मग मोटर. ती नुकतीच रिवाइंड होऊन आली होती आणि जोडताना दोन वायरींची अदलाबदल झाली होती. ब्लोअर उलटा फिरत होता! गंमत अशी, की असला ब्लोअर उलटा फिरला तरी हवा पुढेच टाकतो, फक्त थोडी. उलटे फिरूनही काम चालल्यासारखे दिसणे ही कला केवळ माणसांतच आहे, अशी तोवर माझी समजूत होती. सर्वांत शेवटी थर्मोस्टॅट. तो खांबावर होता आणि खांबाला टेकून झेरॉक्सचे यंत्र. यंत्र तापले की थर्मोस्टॅटला वाटे, मजला तापला. तो आणखी गारवा मागे, आणि भरपाई अकाउंट्सने दातांवर दात वाजवून करावी! यंत्र तिथे कुणी ठेवले? सर्वांनी. प्लग तिथेच होता, आणि ठराव एकमताने झाला होता.

मिस्त्री एकदाही "कुणी?" म्हणाले नाहीत. सोपे आणि स्वस्त आधी, अवघड आणि महाग नंतर, एवढाच त्यांचा क्रम. आमचा क्रम बरोबर उलटा. माणूस हा दुरुस्तीतला सर्वांत महाग भाग, आणि आम्ही तोच आधी सोडवायला घ्यायचो.

हे नुसते हसण्यावारी गेले असते. पण 1984 च्या पावसाळ्यात साहेबांच्या केबिनबाहेरच्या कपाटावर पाणी सांडलेले आढळले आणि आतल्या फायली भिजल्या. त्या कपाटावर शिपाईमामा पाण्याचे ग्लास ठेवत असत. झाले! तासाभरात मामांच्या हातात मेमो पडला : निष्काळजीपणाबद्दल खुलासा करावा. "साहेब, मी नाही सांडलं," हा खुलासा समाधानकारक नसल्याचा शेरा पडला आणि एक इन्क्रिमेंट अडकली. पुढे मामा गणपतीला गावी गेले. ते रत्नागिरीत आरती म्हणत असताना कपाटावर पुन्हा पाणी.

तेव्हा मिस्त्रींना बोलावले. केबिनसाठी खोट्या छतात एक छोटे युनिट होते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसा आतल्या नळ्यांनाही येतो. तो खालच्या ट्रेमध्ये साचतो आणि बोटाएवढ्या नळीतून वाहून जातो. नळी शेवाळासारख्या चिकट्याने तुंबली होती. दहा मिनिटांचे काम.

"पण मिस्त्री, चूक कुणाची?" हेडक्लार्कांना राहवेना.

"नळी दर महिन्याला साफ करायची असते, साहेब. शेवटची कधी केली, तेवढं रजिस्टरात बघा."

रजिस्टरात मार्च होता. एप्रिलपासून काटकसरीच्या परिपत्रकानुसार सफाई वर्षातून दोनदाच करायचे ठरले होते. खाली सही केबिनमधली होती. या बचतीबद्दल वरून शाबासकीचे पत्रही आले होते.

हे फक्त आपल्याकडेच होते, असे नाही. 1976 च्या जुलैत फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या हॉटेलात अमेरिकेच्या माजी सैनिकांचे अधिवेशन भरले आणि त्यानंतर पटापट माणसे न्यूमोनियासारख्या आजाराने दगावली. सुमारे तीस जण. विषप्रयोग, घातपात, नाना तर्क झाले. गुन्हेगार काही सापडेना. सहा महिन्यांनी, 1977 च्या जानेवारीत, एका संशोधकाने आधी तपासलेले नमुने पुन्हा पाहिले, तेव्हा कुठे एक नवाच जंतू हाती लागला. त्याचा उगम बहुधा हॉटेलच्या कूलिंग टॉवरच्या पाण्यात होता. माणूस शोधत होते, आणि घातक गोष्ट डोक्यावर गच्चीत वाढत होती. त्या शोधानंतर टॉवरची सफाई हा जीवनमरणाचा विषय झाला. एखादा माणूस पकडून फाशी दिला असता तर टॉवर तसाच राहिला असता.

तुम्ही म्हणाल, म्हणजे दोषी कुणीच नाही? सगळे नळीवर ढकलून मोकळे व्हायचे? तसे नाही. दोष नीट शोधला तर तो कित्येकदा आपल्याला माणसापाशी आणूनच सोडतो. पण कुठल्या माणसापाशी, हे पाहण्यासारखे असते. आधीच दोषी शोधायला निघाले, की पाय आपोआप जिना उतरतात; खाली शिपाई, स्वीपर, नवा क्लार्क अशी सोयीची माणसे असतात. दोष शोधायला निघाले, की जिना चढावा लागतो, आणि वर एखादी सही भेटते. कधी झेरॉक्ससारखा तो आपल्या सर्वांच्याच हात वर केलेल्या ठरावापाशी येतो. क्वचित खरोखर शिपायापाशीही थांबेल. मग त्याला जरूर मेमो द्यावा. पण मेमो हा तपासातला शेवटचा कागद. आमच्याकडे तो पहिला होता.

नळी साफ झाली. परिपत्रकही गुपचूप मागे घेतले गेले. मामांची इन्क्रिमेंट पुढच्या वर्षी सुटली; पण मेमो सर्व्हिस फाइलमधून काढायचा तर तो चुकीने दिला असे कुणीतरी लिहून द्यायला हवे होते, आणि तशी पद्धत नव्हती. मामा 1991 साली निवृत्त झाले. त्यांचे पेन्शनचे कागद तयार करताना ती फाइल माझ्या टेबलावर आली होती. मेमो जागच्या जागी होता. ना दमट, ना पिवळा. कसा कोरा करकरीत! शेवटी यंत्रणा मुळात कागदासाठीच काढलेली. तिने आपले काम चोख केले होते.