शुद्धतेचा ताळेबंद

गाळप हंगामात साखर कारखान्याच्या चीफ केमिस्टपुढे दाणे आणि मळी वेगळे करणाऱ्या सेंट्रिफ्युगलचे दोन आकडे येतात: जाळीवर राहिलेल्या साखरेची प्युरिटी आणि जाळीपलीकडे गेलेल्या मळीची. पहिला चढला म्हणून कोणी लगेच पाठ थोपटत नाही.

कंटिन्युअस यंत्राची टोपली शंकूच्या आकाराची, वर रुंद होत जाणारी. मिनिटाला दोनेक हजार फेरे. तळाशी सोडलेले मॅसेक्विट, म्हणजे दाणे आणि मळीचे काळपट, चिकट मिश्रण, फिरत फिरत भिंतीवर चढते. मळी साधारण ०.०६ मिलिमीटरच्या फटींतून बाहेर जाते, दाणे काठावरून उडतात. आवरणावर आदळून काही फुटतातही. पण शेवटच्या, सी प्रतीची साखर पुढे बहुधा वितळवली जाते किंवा बीज म्हणून साखर शिजवण्याच्या पॅनमध्ये जाते, त्यामुळे ते चालून जाते.

साखर उजळ हवी तर पाणी आणि वाफ वाढवावी लागते. मळी धुतली जाते, तसा दाणाही विरघळतो. म्हणून प्रयोगशाळेत तेच मॅसेक्विट फिल्टरमधून दाबून मूळ मळी वेगळी काढतात. समजा तिची प्युरिटी ३२ आणि यंत्रातून आलेल्या मळीची ३५. मधल्या तीन अंकांत विरघळलेली किंवा झिजलेल्या जाळीतून निसटलेली साखर असते. पाणी फारच तोडले, तर दाण्याला चिकटलेली मळी परत पॅनकडे जाऊन जागा अडवते. शिवाय किती शुद्ध हवे, हे कामावर ठरते: रिफायनरीला जाणाऱ्या कच्च्या साखरेच्या दाण्यावर मळीचा पातळ थर राहिलेला चालतो.

म्हणजे इथे शुद्धतेला माप आहे आणि तिच्यापायी काय गेले याचाही रकाना आहे. सोवळ्याओवळ्याच्या शास्त्राला हे दोन्ही कधी विचारले गेले का?

मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्यायले. त्यानंतर सवर्णांनी १०८ घागरी पाणी काढले, पंचगव्य मिसळून मंत्रोच्चारात परत ओतले. आधीच्या आणि नंतरच्या पाण्यात काय बदलले, हे तपासायची सोय त्या विधीत नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या त्या काठावरून कोण तहानलेले परतले, याची नोंद तर कुठल्याच पोथीत नव्हती. पुरावा मागितला तो न्यायालयाने. या तळ्यावरून लावलेल्या दाव्याचा मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली निकाल लागला, तेव्हा अस्पृश्यांना वगळण्याची अनादि प्रथा सवर्ण वादींना सिद्ध करता आली नव्हती.