सावली काळी असते का?



गेल्या उन्हाळ्यात आम्ही तैलरंग शिकायला घेतले. पंचेचाळिशीत हे कसले खूळ, असे काहींनी हसून विचारले. शिकवायला एक निवृत्त चित्रकला शिक्षक लाभले. विषय साधा होता: शेत, एक झाड आणि झाडाखालची सावली. आम्ही सरळ काळा रंग घेऊन सावली रंगवली. गुरुजी म्हणाले, "फादर, नीट बघा. ती काळी आहे का?" डोळे किलकिले करून पाहिले, तर पिवळ्या गवतावरची सावली निळसर जांभळी होती. आम्ही ती पाहिलीच नव्हती. सावली काळी असते हे 'ठाऊक' होते, म्हणून काळा रंग लावला होता.

ही शिकवण फ्रान्समधील इम्प्रेशनिस्ट चित्रकारांची. त्यांच्यापैकी क्लोद मोने जिव्हर्नी या खेड्यात राहत. घराजवळच्या शेतात कापणीनंतर पेंढ्यांच्या गंजी रचलेल्या असत, आपल्याकडच्या भाताच्या उडव्यांसारख्या. १८९०-९१ मध्ये मोने यांनी या गंजींची सुमारे २५ चित्रे काढली. जवळ अनेक कॅनव्हास असत. ऊन बदलले की हातातला बाजूला ठेवून ते दुसरा घेत. मे १८९१ मध्ये त्यांतील १५ चित्रे पॅरिसमध्ये एकत्र मांडली गेली.

मग खरी गंजी कोणती? जितकी चित्रे तितकी सत्ये, असे म्हणायचे का? आम्हांला तसे वाटत नाही. गंजीचे सत्य कुणाच्या मर्जीने बदलत नव्हते. ते एका नजरेत मावत नव्हते, एवढेच. 'ज्याचे त्याचे सत्य' म्हणणे सोपे आहे. 'माझे पाहणे अजून अपुरे आहे' हे म्हणणे कठीण.

हे आम्हांला एका चुकीतून कळले. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ मदत मागायला आले होते. ते दारू पितात हे सर्वांना 'ठाऊक' होते, आम्हांलाही. आम्ही त्यांना दारातूनच परत पाठवले. पुढे समजले की, त्यांनी कित्येक महिने दारूला स्पर्श केला नव्हता आणि ते मुलीच्या फीसाठी आले होते. त्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे पाहिलेच नाही. जुन्याच चित्रावर काळा रंग फिरवला.

सावली नसतेच, असे आम्ही म्हणत नाही. चूक ती चूकच. पण माणसाच्या सावलीतही त्याच्यावर पडलेल्या उजेडाचा रंग असतो, आणि तो थांबून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

तैलरंगाची एक सोय आहे. जवसाच्या तेलातला हा रंग लवकर वाळत नाही. चुकले तर सुरीने खरवडून पुन्हा लावता येतो. मात्र फार दिवस गेले की तो घट्ट होतो. मतांचेही तसेच आहे.

आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. उशिरा गेलो, पण गेलो. क्षमा मागितली. त्यांनी चहा पुढे केला आणि मुलगी आता नोकरीला लागल्याचे सांगितले.

आपल्याही मनात कुणाचे तरी चित्र पुरे होऊन भिंतीवर टांगलेले असेल. शेजाऱ्याचे, भावाचे, सुनेचे. या आठवड्यात ते उतरवून त्या माणसाकडे एकदा नव्याने पाहू या.

आपला,
धर्मगुरू