वाट मोकळी करणारा

सहा जून म्हटलं की आपल्याला रायगड आठवतो. फ्रान्समधल्या नॉर्मंडीत मात्र ही तारीख १९४४ सालातल्या, दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्य किनाऱ्यावर उतरलं त्या सकाळची आहे. त्या दिवशी ओमाहा किनाऱ्यावर पडलेले कितीतरी अमेरिकी जवान आता वरच्या कड्यावर, कोलव्हिल-सुर-मेरच्या दफनभूमीत आहेत. पांढऱ्या संगमरवरी क्रुसावर नाव, हुद्दा, पलटण, राज्य आणि मृत्यूचा दिवस एवढंच कोरलेलं. जन्मतारीख नाही, त्यामुळे पोरगं किती वर्षांचं होतं ते दगडाला विचारून कळत नाही. नातेवाईक आले की तिथले कर्मचारी ओमाहाच्याच किनाऱ्यावरची ओली वाळू अक्षरांत चोळतात, वरवरची पुसून घेतात. पांढऱ्यात हरवलेलं नाव सोनेरी होऊन फोटोत वाचता येतं.

अशा एखाद्या नावाखाली इंजिनिअर बटालियनचा क्रमांक दिसला, तर ‘ओमाहाला कामी आला’ एवढ्यावर पुढे सरकू नये. त्याच्यावर काम काय सोपवलं होतं, ते पाहावं. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समुळे आपल्याला हे काम अगदीच परकं नाही. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि आडवी पाडलेली झाडं काढून रणगाड्यांना वाट करून देणारे रामा राघोबा राणे त्यांच्यातलेच. ते जिवंत परतले, परमवीर चक्र मिळालं, म्हणून त्यांनी नेमकं काय केलं तेही सांगितलं जातं.

ओमाहाचा बेत असा होता. साडेसहाला पायदळाची पहिली लाट उतरेल, पाठोपाठ तीन मिनिटांत इंजिनिअरांची ही सफरमैना. जर्मनांनी वाळूत पोलादी चौकटी, तिकाटणी आणि सुरुंग बांधलेले ओंडके रोवले होते. भरतीत ते पाण्याखाली जात आणि वरून येणाऱ्या होडीचा तळ फाडत. म्हणून उतरायला ओहोटीची वेळ धरली. पाणी चढायच्या आत, जेमतेम अर्ध्या तासात, पन्नास-पन्नास यार्ड रुंदीच्या सोळा वाटा उघडायच्या. स्फोटकांच्या कॅनव्हासच्या पिशव्या एकेका अडथळ्याला बांधायच्या, सगळ्या एका वातीला जोडायच्या, जांभळ्या धुराची खूण करायची आणि उडवून द्यायचं.

पण त्या उघड्या वाळूवर गोळ्यांपासून आडोसा म्हणून हे अडथळेच तेवढे होते. पायदळाचे जवान त्यांच्यामागेच दडून बसले. जखमींनीही तोच आसरा धरला. पिशव्या बांधून झाल्या, वात जोडली गेली, आणि समोर आपलीच माणसं. ओरडून, प्रसंगी लाथा घालून त्यांना उठवायचं, म्हणजे मशीनगनच्या तोंडी द्यायचं. न उठवावं, तर मागून येणाऱ्या होड्या फुटणार. हा निर्णय विशी-बाविशीतल्या पोरांनी घ्यायचा, तोही मिनिटामिनिटाला पाणी चढत असताना. शत्रूवर चालून जाण्याचं धैर्य मला समजू शकतं; यासाठी काय लागत असेल, याचा अंदाज करवत नाही. काही ठिकाणी सगळी तयारी होऊनही वात पेटवता आली नाही. स्फोटकं लादलेल्या रबरी होडीवरच तोफगोळा पडला, असंही झालं.

या कामगिरीवरच्या लष्कर आणि नौदलाच्या माणसांपैकी ४१ टक्के त्या दिवशी मारले गेले वा जखमी झाले, त्यांतले बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच. दुपारी पाणी ओसरल्यावर उरलेल्यांनी पुन्हा काम हाती घेतलं. सकाळच्या भरतीआधी मात्र पुरत्या उघडल्या त्या पाच-सहाच वाटा. खुणेचे बोया आणि खांब माऱ्यात नाहीसे झालेले, त्यामुळे खूण लावता आली ती एकाच वाटेला. बाकीच्या मोकळ्या होत्या, पण पाण्याखाली. मागून येणाऱ्या होड्या वाट शोधत किनाऱ्यासमोर घुटमळत राहिल्या. एखादी नेमकी तिथूनच सुखरूप पार झालीही असेल. आपल्या तळाखालचा ओंडका कुणीतरी आधीच उडवलाय, हे तिच्यातल्या कुणाला कळायचा मार्ग नव्हता.